आधीच्या नोंदी

१

निवृत्त झाल्यापासून माझा दिवस सव्वानऊला सुरू होतो. चहा झाला की मी जिना चढून वरच्या खोलीत येतो, संगणक चालू करतो आणि तो जागा होईपर्यंत चष्मा पुसत बसतो. जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. त्या मी रोज मोजतो. का, असं विचाराल तर उत्तर नाही. ज्याचा जन्म एकाच ग्रंथाच्या एकतीस हस्तलिखितांतले शब्द मोजण्यात गेला, त्याला मोजायला कारण लागत नाही.

टेबलाखाली कुत्रा असतो. म्हातारा झालाय, दिसत नाही त्याला. मी बसलो की तो माझ्या पावलांवर हनुवटी टेकतो आणि दुपारपर्यंत हलत नाही.

त्या दिवशी पडद्यावर लाल पट्टी आली. डिस्क भरली होती. माझ्या ग्रंथाची अखेरची आवृत्ती सोमवारी छापखान्यात द्यायची होती आणि पानांची नऊ हजार छायाचित्रं अजून संगणकात उतरवायची होती. मी चष्मा काढून पुन्हा पुसला. दहा वाजता मुलीचा फोन आला. तो रोज दहालाच येतो.

"बाबा, डिस्क भरली म्हणजे आभाळ कोसळलं नाही."

"अगं, पण सोमवारी..."

"जागा कर ना मग. जुने रिस्टोअर पॉइंट काढून टाक. तेवढ्याने भागेल."

"ते काय असतं?"

"किती वेळा सांगितलंय तुला! काही मोठा बदल करायच्या आधी संगणकाची एक नोंद करून ठेवतात. पुढे बिघडलं, तर त्या नोंदीपाशी परत जाता येतं. नवा संगणक घेतला तेव्हा जुन्यातल्या सगळ्या मीच उचलून आणल्या होत्या, नाहीतर आईने घर डोक्यावर घेतलं असतं."

"आईने? तिचा काय संबंध?"

"तिलाच विचार. बाकी सगळ्या काढ, शेवटची तेवढी ठेव."

"आणि लागल्या तर?"

"दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीपाशी जाऊन काय करणार आहेस? केस परत येणार आहेत का डोक्यावर?"

ती हसली. मीही हसलो. मी हसलो होतो, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

२

यादीत चारच नोंदी होत्या. चारही हाताने केलेल्या. प्रत्येकीला तारीख आणि नाव होतं.

इस्त्रीच्या आधी.
कोशाच्या आधी.
कुत्र्याच्या आधी.
जिन्याच्या आधी.

पहिल्या तिन्ही जुन्या होत्या, चौथी गेल्या महिन्यातली. नावं ठेवण्याची ही तऱ्हा माझ्या बायकोची. तिने बत्तीस वर्षं रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथे आधी नळीवर चिठ्ठी लावायची आणि मगच रक्त घ्यायचं, असा दंडक. तो तिच्या हाडीमाशी खिळला. घरात मिठाच्या बरणीलासुद्धा तारीख असते. जावईबापू एकदा म्हणाले होते, "फार वेळ एका जागी बसू नका, तुमच्यावरही चिठ्ठी लागेल."

पण ती संगणकाला हात लावते, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, शिकली असेल मुलीकडून. नवी इस्त्री आणायच्या आधी, नवा कोश आणायच्या आधी, अशा काहीतरी खुणा असतील. माणूस म्हातारपणी कशाचीही नोंद ठेवतो.

पहिली निवडली. 'ही नोंद हटवायची? ती परत आणता येणार नाही.' मी होय म्हटलं. संगणकाचा पंखा मोठ्याने घुरघुरला आणि थांबला.

दुपारी जेवताना बायकोने बाह्या सारल्या. तिचा तो करडा स्वेटर, ज्याच्या वरच्या बटणाला पिवळा दोरा आहे, कारण काळा संपला होता. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक तिकोनी डाग होता. टोक मनगटाकडे. कातडी चुरगळून, पांढरी पडून, चकाकत होती.

"हे कधी भाजलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मूल खोटं बोलतंय का, हे आई जशी पाहते तसं.

"बारा वर्षं झाली. आज विचारताय?"

"कशाने?"

"तिकोनी डाग इस्त्रीशिवाय कशाने पडतो?" ती म्हणाली आणि माझ्या ताटात वाढू लागली.

मी उभ्या जन्मात इस्त्री धरलेली नाही. हे अभिमानाने सांगत नाही. पण त्याच क्षणी माझ्या उजव्या हाताला वजन आलं. मूठ आपोआप वळली. मनगटाला ठाऊक होतं की किती जोर लावायचा, किती वेळ दाबून धरायचं. चर्र असा आवाज कानात नाही, हातात आला. मी घास खाली ठेवला.

"तिखट लागलं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

३

रात्रभर मी स्वतःची समजूत घातली. डाग पहिल्यापासून असणार. संसाराला पंचेचाळीस वर्षं झाली, पण बायकोच्या हाताकडे मी कधी नीट पाहिलं होतं? विसरणं हा माझ्या वयाचा धर्मच आहे. आणि हाताचं म्हणाल, तर हात भ्रमिष्ट होत नाहीत असं थोडंच आहे.

सकाळी 'कुत्र्याच्या आधी' ही नोंद काढली. क्रमाने कोशाची होती, पण माझं बोट हिच्यावर पडलं. पंखा घुरघुरला. मी चष्मा पुसत होतो. पंखा थांबला तेव्हा पावलं गार पडली होती.

मी खाली पाहिलं. टेबलाखाली कुत्रा नव्हता. एक चटई होती, जी मी याआधी कधी पाहिली नव्हती. ती उचलली. खालच्या लाकडी फळीवर मोठा काळपट डाग होता. कोणीतरी घासून घासून लाकूड खरवडलं होतं, पण डाग आत मुरलेला होता.

"अगं!" मी जिन्यातून ओरडलो. "कुत्रा खाली आलाय का?"

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात ओलं फडकं.

"कोणता कुत्रा?"

"आपला! आणखी कुणाचा?"

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हीच तर..."

ती थांबली.

"मीच तर काय?"

"तुम्हीच पुरलंत, म्हणतेय. मागच्या झाडाखाली."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. मी खोलीत परत आलो. हस्तलिखितांची पानं वळू नयेत म्हणून दाबून ठेवायला माझ्याकडे एक लोखंडी वजन आहे, तीन किलोचं. ते नेहमीच्या जागी होतं. मी ते उचललं नाही. उचलायची गरजच नव्हती. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं आठवत होतं: तीनदा वर, तीनदा खाली. पहिल्या वेळी तो माझ्याकडे वळला होता, कारण आंधळ्या जनावराला वाटलं की मी हाक मारतोय. दुसऱ्या वेळी काहीतरी फुटलं, कच्च्या भांड्यासारखं. तिसऱ्या वेळेची गरज नव्हती. तरी हात उठला होता.

मी पांढरपेशा माणूस आहे. नाकासमोर चालणारा. चाळीस वर्षांत एका विद्यार्थ्यावर आवाज चढवला नाही. कुणालाही विचारा.

४

यापुढे मी जे केलं ते शहाण्या माणसाने केलं नसतं. एखाद्या न शिकलेल्या माणसाने संगणकाची तार ओढून तो खिडकीबाहेर फेकला असता. मी मात्र शिकलेला.

विद्यार्थ्यांना मी सांगत आलो: एका प्रतीत सापडलेला शब्द म्हणजे ऐकीव गोष्ट. दोन प्रतींत सापडला तर संशय घ्या. तिसऱ्या, स्वतंत्र प्रतीची साक्ष मिळाली, तरच स्वीकारा. माझ्याकडे दोन साक्षी होत्या, डाग आणि कुत्रा. दोन्ही माझ्याच आठवणीवर अवलंबून. घसरतेय ती आठवण की जग, हे ठरवायचं तर तिसरी हवी. आणि 'कोशाच्या आधी' या नोंदीत कुणाच्या जिवाला धोका कसला? कोश समोरच्या फळीवर होता. जाडजूड, चामडी बांधणीचा, मला पदवीबरोबर बक्षीस मिळालेला. फार तर त्याचा पुठ्ठा फाटेल. मी तो एकटक पाहत बसणार होतो. त्याच्यात फरक पडला, तर जग घसरतंय. नाही पडला, तर मी.

जागा थोडी मोकळी झाली होती. छायाचित्रं उतरवायला लावून दिली, म्हणजे वेळ फुकट जायला नको. त्या कामाची चौकट नोंदींच्या यादीमागे गेली आणि मी तिला विसरलो. मग नोंद निवडली, होय म्हटलं आणि मान वर करून कोशाकडे पाहत राहिलो. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

पंखा थांबला. कोश तसाच होता. निदान मला तसं वाटलं. सुटकेने मला चक्क रडू आलं. मग जवळ जाऊन तो खाली काढला. एक कोपरा चेचलेला होता. चामड्याच्या घडीत काहीतरी वाळून तपकिरी झालेलं होतं, आणि त्यात एक लांब केस अडकला होता.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन वाजला नव्हता.

मी वाट पाहिली. सव्वादहा. साडेदहा. मीच लावावा म्हणून फोन उघडला. मुलीचं नाव यादीत नव्हतं. नंबर पाठ होता, तो दाबला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई फार मृदू आवाजात म्हणाली.

५

बायको दारात उभी होती. ती वर येते ती फक्त केर काढायला, पण आज हात रिकामे होते.

"चिमणीचा फोन आला नाही," मी म्हणालो. आमच्या मुलीला घरात आम्ही चिमणी म्हणतो.

"ती तुमच्याशी बोलत नाही."

"परवा बोलली. कालही बोलली. केसांवरून माझी चेष्टा केली तिने!"

"केसांवरून," बायको म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकली. "हो. केसांवरूनच केली होती. दहा वर्षं झाली. हसत होती पोरगी. तुम्ही दोन्ही हातांनी कोश उचललात. एका कानाने तिला आजही ऐकू येत नाही."

माझ्या दोन्ही दंडांत कळ गेली. मी कोश टेबलावर टाकला.

"खोटं आहे. मी हसलो होतो."

"दुसऱ्या खेपेला हसलात. मी परत नेलं तुम्हाला, तेव्हा."

"या नोंदी तू केल्यास."

"मी नाही तर कोण? आधी चिठ्ठी, मग रक्त. तुमच्या चेहऱ्यावर दिसतं मला. हातात काय आहे, तेही दिसतं. मी वर येते, नोंद करते, नाव देते. मग खाली जाते, आणि जे व्हायचं ते होतं. झालं की परत वर येते. जमलं तर चालत, नाहीतर रांगत. आणि सगळं मागे नेते. तुम्ही चष्मा पुसत बसलेले असता."

"किती वेळा?"

"चारच वेळा ठेवावं लागलं. बाकीच्या वेळी तुमचे तुम्हीच थांबलात. तेही सांगायला हवं."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही बिचारे मुंगी चिरडली तरी दोन दिवस जेवत नाही. निदान तो माणूस तरी घरात राहू दे म्हटलं. माझं त्याच्याशी बरं जमतं." ती जराशी हसली. "काढल्यात ना सगळ्या? नोंद गेली की मी मागे नेलेलं पुन्हा खरं होतं. मला विचारलं असतंत तर! पण बायकोला विचारलं, तर विद्वानाची विद्वत्ता कमी होते."

"शेवटची ठेवलीय."

"बरं केलंत. ती माझी आहे."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला क्षणभर लागला. कुत्रा सहा वर्षं माझ्या पायाशी होता आणि सहा वर्षं मेलेलाही होता. समोर माझी बायको उभी होती, स्वेटर घालून, चौकटीला टेकून.

६

मला दुःख व्हायला हवं होतं. ते झालंच. पण दुःखाच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते मी प्रामाणिकपणे लिहायला हवं.

मी जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणातल्या खाडाखोडी शोधल्या. आणि इथे माझ्याच आयुष्यात खाडाखोड झाली होती. मला न विचारता, एक तळटीपही न ठेवता. ही बाई खालून वर यायची, मला पुसायची आणि पुन्हा चहा टाकायची. कुणी दिला होता हिला अधिकार? माझे कान तापले. तिचं ते टेकून उभं राहणं, तिचं ते समजूतदार हसू...

हसू थांबलं. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग माझ्या हाताकडे.

ती मला वळसा घालून, भिंतीला जवळजवळ घासत, संगणकापाशी गेली. उभ्यानेच, दोन बोटांनी, भराभर अक्षरं दाबू लागली. हे ती फार वेळा करून चुकली असावी. पडद्यावर अक्षरं उमटली: जिन्याच्या आधी.

"ती तर आहे की," मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"ती मागची," ती म्हणाली. "ही आजची."

पडद्यावर लाल पट्टी आली. 'नोंद तयार करता आली नाही. जागा शिल्लक नाही.'

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच पट्टी.

"जागा नाही म्हणतोय," ती म्हणाली, रिकामी बरणी दाखवावी तशी.

तेव्हा मी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात लोखंडी वजन होतं. मी ते कधी उचललं, मला ठाऊक नाही. ते मी सावकाश, दोन्ही हातांनी, टेबलावर ठेवलं. बोटं सुटेनात. एकेक करून सोडवली.

"जा तू," मी म्हणालो. "खाली जा, घराबाहेर जा. शेजारी जा. जाताना या खोलीला बाहेरून कडी लाव आणि मी कितीही ओरडलो तरी काढू नकोस. जा!"

"तुम्ही?"

"माझं सोड. जा म्हणतो ना!"

दारात ती थबकली. "शांत व्हायचं औषध खालच्या खणात आहे," ती म्हणाली. "चिठ्ठी लावलीय."

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी स्वतः जाऊन दार ओढून पाहिलं. हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट वेळेवर केली, असं मला वाटलं.

७

मी खुर्चीत बसलो. पडद्यावर लाल पट्टीच्या मागे एक चौकट दिसत होती. छायाचित्रं उतरत होती. सकाळपासून उतरत होती, नऊ हजारांपैकी आठ हजार नऊशे. मी ती पुढे घेतली आणि थांबवायचं बटण शोधू लागलो. चष्मा टेबलावर नव्हता. तो कपाळावर होता. डोळ्यांवर ओढला तेव्हा चौकटीखाली एक बारीक ओळ उमटली होती.

'जागा करण्यासाठी जुन्या नोंदी हटवण्यात आल्या.'

यादी उघडली. रिकामी.

बाहेर ती जिना उतरत होती. तिला खाली मीच पाठवलं होतं. या घरातून बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

"थांब!" मी दारावर मुठी आपटल्या. "अगं, थांब! जिन्यावर पाय ठेवू नकोस! आहेस तिथेच बस!"

पण कितीही ओरडलो तरी ऐकू नकोस, असं मीच सांगितलं होतं. ती एकेक पायरी उतरत होती. कठड्यावर हात सरकल्याचा आवाज येत होता. मी मोजत होतो. सहा. सात. आठ. नऊ.

दहावी आली नाही.

मग एकदम सगळ्या आल्या. त्यात एक आवाज कच्चं भांडं फुटल्यासारखा होता. मग काहीतरी पायरीवरून घरंगळत गेलं आणि थांबलं. नंतर काहीच नाही. फक्त मागे संगणकाने काम पुरं झाल्याची छोटीशी घंटी वाजवली.

मी दाराला कपाळ टेकून उभा होतो. दार बंद होतं. कडी बाहेरून लागलेली होती आणि हे लिहीत असताना अजूनही तशीच आहे. मी खोलीबाहेर गेलेलो नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

माझी डावी मूठ घट्ट वळलेली होती. उघडली. आत एक बटण होतं आणि बटणाला पिवळा दोरा. दुसरा तळहात मोकळा होता. त्याला लोकरीची ऊब होती, आणि बरोबर दोन खांद्यांच्या मधल्या जागेइतका दाब. तो अजून उतरलेला नाही.

म्हणजे पुन्हा दोनच साक्षी. बटण म्हणतं, मी तिला सावरायला गेलो. तळहात म्हणतो, नाही.

तिसरी साक्ष जिन्याच्या तळाशी आहे. मी मघापासून तिला हाका मारतोय.